हेल्वीची जागा

हेरॉन पॉइंट, मिशिगन
१२ मे १९८६

चि. सौ. सायमा हिस,
ओनीदादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि संत्र्यांची पेटी दोन्ही पोचली. इथे परवापर्यंत पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते, आणि तू लिहितेस की दुपारी अंगणात अनवाणी पाय टेकवत नाही. माणसानं थंडीला कंटाळून इतकंही लांब पळू नये.

शनिवारपासून दीपगृह पाहुण्यांना उघडलं. बाबांची दीपगृहरक्षकाची जुनी टोपी घालून दारात उभं राहायचं माझं हे चौथं वर्ष. अडतीस फुटांचा मनोरा, त्याला चिकटलेलं आपलं विटांचं घर, एकेचाळीस पायऱ्या. दिवसातून आठ वेळा वर-खाली करतो, गुडघे रात्री जाब विचारतात. पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, या समुद्राएवढ्या तळ्यात शार्क आहेत का. मी म्हटलं, आहेत, पण फक्त मंगळवारी येतात. दीपगृह जपणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष मिसेस बर्डेट मागेच उभ्या होत्या. मला तंबी मिळाली.

पाहुण्यांना सगळ्यात काय आवडतं सांगू? वरचं एवढं मोठं भिंग नाही, तर हेल्वीचा क्रूस. मिसेस बर्डेटनी त्याभोवती दोरी बांधून पाटी लावली आहे. लोक तिथे खुळखुळे आणि बाहुल्या ठेवून जातात. आपल्या बहिणीला साडेतीन महिन्यांच्या आयुष्यात एवढी खेळणी मिळाली नव्हती. मी त्यांना सांगतो की एकोणीसशे अठ्ठावीसच्या मार्चमध्ये डांग्या खोकल्यानं ती गेली तेव्हा गाव अकरा मैल लांब आणि बर्फ छातीइतकं. बाबांनी दोन दिवस लाकडं जाळून जमीन मऊ केली आणि तिला अंगणातच पुरलं. सरकारी जागेत कबर चालत नसे. म्हणून इन्स्पेक्टरची बोट निघाल्याची वर्दी शेजारच्या दीपगृहातून फोनवर आली, की आपण पोरं क्रूस उपटून होडीच्या शेडमध्ये लपवायचो, आणि बोट गेली की परत रोवायचो. इथे बायका डोळे पुसतात. मग इन्स्पेक्टर पांढरा हातमोजा घालून धूळ शोधत चौकटींवरून कसं बोट फिरवायचा ते दाखवलं की हसतात.

आता मुद्द्याचं. तळं यंदा जेवढं चढलंय तेवढं मी सदुसष्ट वर्षांत पाहिलेलं नाही. क्रूसापासून कड्यापर्यंत आज टेप लावला, तेहतीस फूट भरलं. गेल्या शरदात एक्कावन्न होते. मनोऱ्याखाली खडक आहे, तो टिकेल. अंगण सगळं वाळूचं, ते टिकायचं नाही. म्हणून मी ठरवलंय की हेल्वीला गावच्या दफनभूमीत बाबांच्या शेजारी न्यायचं. आईचीही जागा तिथेच राखलेली आहे. परवानगीच्या अर्जावर आईची, नाहीतर आपल्या दोघांची सही लागते. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिनं नव्वदी गाठलीय, वृद्धाश्रमाच्या खिडकीशी बसून मोजे विणते, आणि दर रविवारी मला एवढंच विचारते की तळं शांत आहे ना. मी म्हणतो, आहे. काम झालं की मग सांगू.

कागद सोबत आहे. लगेच सही करून पाठव. वॉल्टरला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहेच. तिकडच्या उन्हात तो वाळू देऊ नकोस.

तुझा,
ओनीदादा


टूसॉन, ॲरिझोना
२६ मे १९८६

ती. ओनीदादा यास,
सा. न. वि. वि.

कागद मिळाला. वॉल्टरच्या खुब्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय, त्या गडबडीत सही राहिली. डॉक्टर म्हणतात सहा आठवड्यांत नाचायला लागेल. लग्नात नाचला नाही, आता काय नाचणार म्हणा.

दादा, रागावू नकोस, पण तिला हलवायलाच हवं का? अठ्ठावन्न वर्षं ती तिथे झोपली आहे. तळं घेईल तर घेईल. बाबाही म्हणायचे की त्यानं मागितलेलं द्यावं लागतं. उकरून काढण्याची कल्पनाच मला सहन होत नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी हाच विचार करते.

आईला सांगायचं नाही हे मात्र तू फार बरं ठरवलंस. या वयात तिला जुन्या गोष्टी विचारून काय मिळणार? तिला मुळीच काही विचारू नकोस.

एक सहज विचारते. क्रूसाच्या डाव्या हाताला लायलॅकचं झुडूप होतं, ते अजून आहे का? चौतीसच्या उन्हाळ्यात इन्स्पेक्टरनं अख्खं अंगण सपाट करायला लावलं होतं, नवी हिरवळ अंथरली होती. तू तेव्हा मामांच्या शेतावर गवत कापायला गेला होतास, तुला ठाऊक नसेल. उगाच आठवलं.

वहिनीला सांग, तिचा थिंबलबेरीचा जॅम संपला, बरणी चाटून पुसून धुऊन ठेवली आहे. धाकटी म्हणून जो लोभ करतोस तो आहे तसाच राहू दे.

तुझी,
सायमा


हेरॉन पॉइंट
१९ जून १९८६

चि. सौ. सायमा हिस,
अ. उ. आ.

वॉल्टरचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. पण पाकिटात कागद शोधला तर नाही! मी पाकीट उलटं करून झटकलं, तुझी वहिनी हसायला लागली. बाई गं, घोडं कुठे पेंड खातंय? एक सही करायची आहे, घर लिहून द्यायचं नाही.

कडा आता एकोणतीस फुटांवर आला. दर सोमवारी सकाळी पाहुणे यायच्या आत मी मोजतो. या खेपेला मोजत असताना मूठभर हिरवळ माझ्या डोळ्यांदेखत वाकली आणि खाली गेली. आवाजसुद्धा नाही. मी टेप धरून तसाच उभा. काय करणार? हात पुढे करून का धरता येते जमीन? मंडळाकडे दगडांची भिंत घालायची मागणी केली, मंडळानं सरकारकडे केली, सरकारनं छापील पत्र पाठवलं की विनंतीचा विचार चालू आहे. तळ्यानं त्याची प्रत वाचलेली दिसत नाही.

तू म्हणतेस तिला असू दे. सायमा, आई गेल्यावर तिला बाबांच्या शेजारी ठेवायचं आणि तिचं लेकरू खाली लाटांत, हे मला जमणार नाही. बाबांनी त्या पेटीला आतून रॉकेलच्या डब्यांचा पत्रा मारला होता. मी नऊ वर्षांचा होतो, पत्रा धरायला मीच होतो. बाबा एक खिळा ठोकायचे आणि थांबायचे. ते ज्यानं पाहिलं त्याला असू दे म्हणता येत नाही.

आई ठीक आहे. गेल्या रविवारी विचारत होती की तेलाच्या कोठीकडची वाळू कितपत खचलीय. मी म्हटलं, काही नाही, सगळं जागच्या जागी आहे. म्हातारीला अजून रॉकेलची काळजी! वीज येऊन पन्नास वर्षं झाली तरी तिच्या डोक्यातली कोठी काही रिकामी होत नाही.

लायलॅक आहे. क्रूसाच्या डावीकडेच आहे, भरभरून फुललाय. त्याचं काय मध्येच?

कागद पाठव. लोभ तर करतोच, पण आता थोडा धाकही दाखवावा म्हणतो.

तुझा,
ओनीदादा


टूसॉन
३० जून १९८६

ती. ओनीदादा यास,
सा. न. वि. वि.

सही केलेला कागद सोबत आहे. उशिराबद्दल माफ कर.

ज्या दिवशी खणाल त्या दिवशी मला येता येणार नाही. वॉल्टर अजून काठीवर चालतो. जास्त लिहवत नाही, उकाडा फार आहे. लोभ असू दे, जमेल तितका.

सायमा


हेरॉन पॉइंट
२४ जुलै १९८६

चि. सौ. सायमा हिस,
अ. उ. आ.

रेडिओवर तिकडेही बातमी लागली असेल. सोमवारी, म्हणजे एकवीस तारखेला, वायव्येकडून वादळ आलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत घुमलं. असं नोव्हेंबरात येतं. जुलैत मी कधी पाहिलं नव्हतं. मी, तुझी वहिनी आणि मिसेस बर्डेट घरातच अडकलो. पाहुणे नव्हते ते नशीब.

साडेदहाच्या सुमाराला उत्तरेचा कोपरा गेला. तेलाची कोठी आधी जराशी झुकली, म्हाताऱ्या माणसानं खाली वाकून बघावं तशी, आणि मग एकदम नाहीशी झाली. तिच्याबरोबर अंगणाचा वीस फुटांचा पट्टा, कुंपण, दोन बाकं. मिसेस बर्डेट रडायला लागल्या. बाई बाहेरगावच्या आहेत, मी त्यांची थट्टा करत असतो, पण त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

वारा पडल्यावर मी पहिला धावलो तो क्रूसाकडे. क्रूस उभा! त्या बाजूला कड्याचे जेमतेम पाच फूट गेलेत, अजून चोवीस शिल्लक आहेत. जीव भांड्यात पडला. तुझी वहिनी नीसूचा गोड पाव भाजून घेऊन आली, आम्ही तिघांनी तिथेच गवतावर बसून कॉफी घेतली, आणि खरं सांगतो, मला हसू आवरेना. तळ्यानं घ्यायची ती कोठी घेतली आणि आमची हेल्वी सोडली.

आईला रात्री भेटलो. वाऱ्याचा आवाज तिनं ऐकला होता, सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं, फक्त एक फांदी पडली. तिनं विचारलं, कुठली फांदी. मी म्हटलं, रस्त्याकडच्या झाडाची. मग तिनं विणकाम घेतलं.

परवानगी आली आहे. तीस ऑगस्ट, शनिवार. पाद्री येतील, शेजारचा हाइक्की फावडी आणेल. यंत्र नको म्हटलं, हातानं खणू. आता काळजी करू नकोस, पोरी. सगळं वेळेत होतंय. माझ्यासारखाच तुझाही जीव थाऱ्यावर येवो आणि लोभ वाढो.

तुझा,
ओनीदादा


हेरॉन पॉइंट
१ सप्टेंबर १९८६

चि. सौ. सायमा हिस,
अ. उ. आ.

ती तिथे नाही.

परवा सकाळी सहाला सुरुवात केली. मी आणि हाइक्की. तीन फूट खाली बाबांनी पुरलं होतं हे मला पक्कं आठवतं, कारण जळलेल्या लाकडांची काळी रेघ तेव्हा मातीत दिसत होती. तीन फुटांवर काही नाही. चार, पाच, सहा. काळी रेघ नाही, पत्रा नाही, खिळा नाही. लायलॅकची मुळं आणि वाळू. मग दोन्ही बाजूंना रुंद केलं. पाद्री पुस्तक उघडून उभे होते, त्यांनी ते हळूच मिटलं. दुपारी दोनला हाइक्कीनं माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं, तेव्हा मला कळलं की मी अजून खणतोच आहे.

पाद्री म्हणाले की वाळूत इतक्या वर्षांनी काहीच उरत नाही, मातीला माती मिळाली असं समजा. भला माणूस आहे. पण सायमा, पत्र्याचं काय झालं? रॉकेलच्या डब्याचा जाड पत्रा. किनाऱ्यावर त्याहून जुने डबे अजून सापडतात.

गावच्या दफनभूमीत बाबांच्या शेजारी खणून ठेवलेला खड्डा तसाच आहे. लहानसाच, हाइक्कीच्या मुलीनं त्यात पानं घातली होती. ती मुलगी मला विचारत होती की बाळ कुठे गेलं. मी तिला काय सांगू?

काल रविवार होता. आईकडे गेलो नाही. सर्दीचं निमित्त केलं. तुला काही आठवत असेल तर लिही. काहीही. लोभाचं आज काही लिहवत नाही.

ओनी


टूसॉन
८ सप्टेंबर १९८६

ती. ओनीदादा यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी मे महिन्यापासून लिहिते आहे. सात वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

क्रूस मी चुकीच्या जागी रोवला. चौतीसच्या जुलैमध्ये. तू मामांकडे होतास. इन्स्पेक्टरच्या हुकुमावरून बाबांनी अंगण सपाट केलं, हिरवळ घातली. मग तो पुन्हा येऊन पाहून गेला, तोवर क्रूस तीन आठवडे शेडमध्ये होता. बोट वळशाआड गेली तेव्हा बाबांनी मला म्हटलं, सायमा, जा, लावून ये. तुला ठाऊक आहे, ते स्वतः कधी लावत नसत. त्यांच्यानं ते होत नसे.

मी गेले तर अंगण सगळं सारखं. आधीचा खड्डा कुठे दिसेना. गुडघ्यांवर रांगत हातानं चाचपलं, कुठेच माती सैल लागेना. मी दहा वर्षांची होते, दादा. आत जाऊन विचारलं असतं तर बाबांना स्वतः येऊन दाखवावं लागलं असतं, आणि दर वेळी क्रूस हातात घेतला की त्यांचा चेहरा कसा होई ते तुला आठवतं. मला ते बघायचं नव्हतं. लायलॅकजवळ माती मऊ लागली, तिथे रोवला. मनात म्हटलं, जवळपासच असेल. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच्यापाशी फुलं ठेवली, काही बोलली नाही. मला वाटलं, सुटले. मग दिवस जात गेले आणि सांगायची वेळ निघून गेली. बाबा गेले तेव्हा सांगणार होते. तेव्हाही नाही सांगितलं.

तुझा अर्ज आला तेव्हा सांगितलं असतं तर तुला शोधायला सगळा उन्हाळा मिळाला असता. मला वाटत राहिलं की कदाचित क्रूस नेमका तिच्यावरच असेल, कदाचित माझा हात योग्य जागीच पडला असेल. बासष्ट वर्षांची बाई मी, आणि देवाकडे हेच मागत बसले की खोटं बोलणं उघडं पडू नये.

खरी जागा कुठे होती ते मला आठवत नाही. डोळे मिटून किती वेळा पाहिलं, हिरवळीशिवाय काही दिसत नाही. कोणत्या दिशेला तेही सांगता येत नाही. मला जे हवं ते बोल. लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तर कळव.

सायमा


हेरॉन पॉइंट
२० सप्टेंबर १९८६

सायमा,

मिळालं. पहिले चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टात टाकायच्या लायकीचं नव्हतं.

त्यानंतर अकरा ठिकाणी खणलं. लायलॅक आणि घराच्या मध्ये, पंपाजवळ, वाटेच्या दोन्ही अंगांना. हाइक्की न बोलता येतो आणि न बोलता जातो. मिसेस बर्डेट विचारतात की पाटी काढायची का. मी म्हणतो, राहू द्या. काल एक जोडपं आलं, क्रूसाशी बाहुली ठेवली, बाई रडली. मी टोपी हातात घेऊन बाजूला उभा. काय सांगायचं त्यांना, की इथे कोणी नाही, बाहुली परत न्या?

कडा एकवीस फुटांवर आहे. आता मोजून काय उपयोग, तरी मोजतो.

तू दहा वर्षांची होतीस हे मला समजतं. मे महिन्यातली सायमा दहा वर्षांची नव्हती, हेही समजतं. लोभ आहे. रागही आहे. दोन्ही एका पाकिटात पाठवतो.

आता एकच माणूस उरलंय विचारायला. शनिवारी चार तारखेला हंगामाचा शेवटचा दिवस आहे. आईला घेऊन येणार आहे.

ओनी


हेरॉन पॉइंट
६ ऑक्टोबर १९८६

चि. सायमा हिस,
अ. उ. आ.

बसून वाच.

परवा हाइक्कीच्या गाडीतून आईला आणलं. चाकांच्या खुर्चीत, दोन शाली, डोक्याला रुमाल. गाडीत मी चार वेळा विषय काढायचा प्रयत्न केला, चारही वेळा हवामानावर घसरलो. मिसेस बर्डेटनी तिला पाहुण्यांच्या वहीत सही करायला दिली. सतरा वर्षं ज्या घरात तिनं चूल पेटवली तिथे तिनं पाहुणी म्हणून नाव लिहिलं, आणि गावाच्या रकान्यात काय लिहायचं ते तिला सुचेना.

मनोऱ्याकडे तिनं बघितलंही नाही. म्हणाली, स्वयंपाकघरात ने. तिथे गेल्यावर म्हणाली, उभं कर. मी आणि तुझ्या वहिनीनं दोन्ही काखांत हात घालून तिला खिडकीपाशी उभं केलं. तिनं खिडकीच्या डाव्या चौकटीला हात लावला, गाल चौकटीला टेकवला आणि बाहेर बघत राहिली. बराच वेळ. मग विचारलं, ओनी, कोठी कुठे आहे?

मी म्हटलं, आई, पडली.

तिनं विचारलं, कधी. मी सांगितलं, जुलैत, एकवीस तारखेला. तिनं विचारलं, अंगणासकट? मी मान हलवली. ती म्हणाली, म्हणजे ती फांदी नव्हती.

मी अजून काहीही विचारलं नव्हतं, सायमा. क्रूसाचं नाही, खणल्याचं नाही, तुझंही नाही. ती आपणहून म्हणाली की या चौकटीतून कोठीच्या कोपऱ्याकडे सरळ बघायचं, आणि कोपऱ्याच्या चार पावलं अलीकडे हेल्वी. रोज सकाळी पंपावरून पाणी आणल्यावर ती अशीच बघायची. अंगण सपाट झालं म्हणून काय झालं, म्हणाली, चौकट काही कोणी हलवली नव्हती. लायलॅकपाशी क्रूस आहे हे तिला त्याच संध्याकाळी दिसलं होतं.

मग तिनं मला विचारलं की उन्हाळाभर तू दर रविवारी माझ्यासमोर बसलास, एकदा विचारलं का नाहीस. मे महिन्यात विचारलं असतंस तर डोळे मिटून दाखवली असती. मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून. बाहेर पाण्यावर चार-पाच पक्षी बसले होते, बरोबर तिथेच, ती तिकडे बघत राहिली. आमचे हात भरून आले तरी खाली बस म्हणायचा धीर झाला नाही.

म्हणजे ज्या दिवशी मी क्रूस उभा बघून गवतावर बसून कॉफी प्यायलो, हसलो, त्याच दिवशी हेल्वी गेली. मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

तू चुकलीस आणि मीही चुकलो. कोण जास्त, याचा हिशोब आता माझ्याच्यानं होत नाही. परत येताना आईनं कागद आणि पेन मागितलं. तुला लिहायचंय म्हणाली. लोभ आहे गं पोरी. नुसताच लोभ आहे.

तुझा,
ओनीदादा


वृद्धाश्रम
१३ ऑक्टोबर १९८६

चि. सायमा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो, म्हणून रोज चार ओळी लिहिते. आज सातवा दिवस. ओनी म्हणतो, तू सांग, मी लिहून घेतो, पण मला ते नको.

तू रडतेस असं ओनीनं सांगितलं. फोनवर वॉल्टरनं त्याला सांगितलं म्हणे. नवऱ्याला अजून दुखतंय, त्याच्यापुढे रडू नये. ऊन असेल तिथे बस.

क्रूस चुकला हे मला माहीत होतं. त्या दिवशी तू आत आलीस तेव्हा तुझ्या गुडघ्यांना माती होती आणि नखांत हिरवळ होती. शोधलंस हे मला कळलं. सकाळी उठून मी तो योग्य जागी लावणार होते. बाहेर आले तर तू माझ्याआधी उठून तिथे बसली होतीस, फ्रॉक पायांखाली घेऊन, आणि तिच्याशी बोलत होतीस. त्यानंतर रोज. शाळेत जाण्याआधी, कधी जेवणानंतरही. तोवर तू तिचं नावसुद्धा घेत नव्हतीस. मी क्रूस हलवला असता तर तुला कळलं असतं की इतके दिवस तिथे कोणी नव्हतं. मला ते करवलं नाही. मी फुलं तुझ्या जागी ठेवायची आणि मग एकटी कोठीकडे जाऊन उभी राहायची. तुम्हाला वाटायचं रॉकेल आणायला गेली.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही. आम्हाला बोलायची सवय नव्हती. तुम्हाला लावली नाही, ही माझी चूक.

तळ्याला मी बोल लावत नाही. त्याला काय कळतं. खिडकीतून पाणी दिसलं तेव्हा मात्र मी मनात म्हटलं की हिला थंडी वाजेल. मग आठवलं, अठ्ठावन्न वर्षं झाली. तरी अजून वाटतं.

मला तिचा आवाज आठवत नाही. खोकला आठवतो, आवाज नाही. साडेतीन महिन्यांत ती जे काही शिकली ते मी विसरले. तिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोललं असेल तर तूच.

सायमा, तू तिथे बसून तिला काय सांगायचीस? खिडकी बंद असे, मला कधी ऐकू आलं नाही. आठवेल तेवढं लिही. साधं असलं तरी लिही. मी वाट बघते.

तुझी,
आई